तुम्ही देशपांडे, म्हणजे पुलंचे कोण?

माहेरवाशीण_बंगळूर
माहेरची मी देशपांडे. मुलाच्या गाण्याच्या बाई कानडी आहेत. परवा त्यांनी वर्गात वसंतराव देशपांड्यांचं गाणं लावलं आणि लेकाला विचारलं, 'तुझ्या आईकडचे का?' घरी येऊन त्यानं यादीच काढली: पु. ल., वसंतराव, राहुल, मकरंद, सुलभाताई, मृण्मयी. सगळे एकाच घरातले का गं? मला धड सांगता येईना. कुणी सांगाल?

वऱ्हाडी_श्रोता
ताई, हे आडनाव हुद्द्यावरून पडलं. परगण्याचा प्रमुख देशमुख, दप्तर आणि जमाखर्च सांभाळायचा तो देशपांडे. गावापुरतं तेच काम कुलकर्ण्याकडे. जितके परगणे तितकी देशपांड्यांची घराणी, कर्नाटकातही पुष्कळ. म्हणून आडनाव एक असलं तरी नातं असेलच असं नाही.

वसंतराव आमच्या मूर्तिजापूरचे, जन्म १९२०चा. पु. ल. त्यांच्याहून काही महिन्यांनी मोठे, मुंबईत जन्मलेले. दोघांत रक्ताचं नातं नाही, दोस्ती मात्र जिवाभावाची. वसंतरावांनी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कितीतरी वर्षं नोकरी केली. एवढा गळा असलेला माणूस दिवसभर आकडे मांडत बसायचा, हे आठवलं की अजून पोटात तुटतं. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. वडिलांच्या मांडीवर बसून मी ते नाटक पाहिलं. खाँसाहेब झालेल्या वसंतरावांची तान सुटली की वडिलांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट व्हायचा. बाकी नाटक पुसट झालंय, तो हात आठवतो.

राहुल हा वसंतरावांचा नातू, तेवढं नातं खरं.

छबिलदासची_प्रेक्षक
मृण्मयी आणि गौतमी सख्ख्या बहिणी. सुलभाताई मात्र माहेरच्या कामेरकर. अरविंद देशपांड्यांशी लग्न झालं म्हणून देशपांडे. पुलंच्या पत्नी सुनीताबाईही लग्नाआधी ठाकूर, रत्नागिरीच्या. मुलाला हेही नक्की सांगा. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे ज्यांनी उभी केली, त्या सुलभाताईंचं आडनाव परगण्याच्या दप्तरातून आलेलं नाही.

माहेरवाशीण_बंगळूर
दोघांचेही मनापासून आभार. लेकाला सगळं वाचून दाखवलं. आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले काही कागद आहेत, आईनं कापडात बांधून ठेवलेत. आता त्याला ते बघायचेत. बंगळूरात मोडी वाचणारं कुणी असेल तर कळवाल का?