नवऱ्याच्या विनोदावर हसावे, की त्यांना थांबवावे?

प्रश्न

सहा महिन्यांपूर्वी माझ्या पतींना मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली आणि आता दर दोन आठवड्यांनी एक, अशा बारा केमोंपैकी सातवी नुकतीच पार पडली. ऑक्झालिप्लाटिन या केमोतल्या औषधामुळे त्यांना गार वस्तूचा स्पर्श सोसत नाही, म्हणून फ्रिज उघडताना ते लोकरी हातमोजे घालतात आणि ‘तिजोरी फोडून येतो’ असे म्हणतात. केमोचे औषध हळूहळू शरीरात सोडणाऱ्या, कमरेला ४६ तास बांधून ठेवाव्या लागणाऱ्या पंपाचे नाव त्यांनी ‘जावईबापू’ ठेवले आहे, कारण त्याच्याच कलाने उठावे आणि झोपावे लागते. घरी येणारे सगळे हसतात. आमचा चौदा वर्षांचा मुलगाही हसतो आणि मग खोलीत जाऊन दार लावून घेतो.

मी श्रद्धाळू आहे, ते नाहीत. मी रोज प्रार्थना करते, पण हल्ली तिच्यात मन लागत नाही. त्यातच एका नातेवाईक बाईंनी, श्रद्धा पक्की असती तर गुण लवकर आला असता, असे मला तोंडावर ऐकवले. हा विनोद म्हणजे आजार नाकारणे आहे का, आणि माझे खरोखरच काही कमी पडते आहे का, हे दोन प्रश्न मला रात्री झोपू देत नाहीत.

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतून गेले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाबद्दल अधिकाराने लिहिते. पहिल्या केमोनंतर सतराव्या दिवशी उशीवर केसांचा पुंजका दिसला, तेव्हा मी बहिणीला हाक मारून ‘पानगळ सुरू झाली’ असे सांगितले. ते नाकारणे नव्हते. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य तोंडातून निघत नव्हते, आणि त्या तीन शब्दांमुळे निदान बहीण जवळ येऊन बसली. आजाऱ्याने केलेला विनोद हा त्याचा हक्क आहे. तोच विनोद भेटायला आलेल्याने केला तर मात्र तो बोचतो. (माझ्या एका दिरांना हा फरक शेवटपर्यंत कळला नाही.)

धोका दुसरीकडे आहे. हसतमुख रुग्णाची विचारपूस हळूहळू बंद होते, आणि डॉक्टरांपुढेही तो आपला त्रास थट्टेवारी नेतो. आपण लिहिलेले औषध नसांवर परिणाम करते. गारव्याचा त्रास बहुधा काही दिवसांत ओसरतो, पण हातापायांची बधिरता मात्रांगणिक साठत जाते आणि उपचार संपल्यावरही रेंगाळू शकते. ती वेळेवर कळली तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा तेवढे एक औषध थांबवून बाकीचे चालू ठेवू शकतात. म्हणून हातमोज्यांवर मनसोक्त हसा आणि त्यानंतर एक सरळ प्रश्न विचारा: पुढची केमो जवळ आली तरी बोटांतल्या मुंग्या राहतात का? शर्टाची बटणे लावता येतात का?

प्रतिसाद २

कर्करोग विभागात परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षे गेली. त्या नातेवाईक बाईंचे बोलणे मनातून काढून टाका. श्रद्धेचे किंवा उमेदीचे माप कमी भरले म्हणून गाठ वाढते, असे मानण्यास आधार नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली डोके आणि मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाची भावनिक स्थिती आणि त्याचे आयुर्मान यांचा संबंध त्यात आढळला नाही. अनेकांना हे निराशाजनक वाटते, मला मात्र ते दिलासा देणारे वाटते, कारण मग रडणाऱ्या रुग्णाला अपराधी वाटण्याचे कारण उरत नाही. कर्करुग्णांच्या मनाकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष वेधणाऱ्या जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ सतत आनंदी राहण्याच्या या सक्तीला जुलूमच म्हणत.

याचा अर्थ प्रार्थना व्यर्थ आहे असा नव्हे. सुई टोचताना ओठांतल्या ओठांत काही म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. त्या दहा मिनिटांत त्यांना धरायला काहीतरी असे, आणि तेवढे पुष्कळ असे. मन लागत नसेल तर नुसते शांत बसा. श्रद्धेपोटी उपास किंवा कोणी दिलेला काढा सुरू करायचा झाल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आणि ताप ३८ अंश सेल्सिअसवर (१००.४ फॅरनहाइट) गेला तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालयाशी संपर्क साधा, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत बळावतो.

प्रतिसाद ३

वडिलांचे उपचार चालू होते तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. मोठी माणसे मला पाहून बोलणे थांबवत, त्यामुळे मी जे नव्हते तेही कल्पून घेत असे. मग आईने ताप मोजून वहीत लिहिण्याचे काम माझ्याकडे दिले आणि कितीवर गेला की तिला उठवायचे, तेही सांगितले. त्या वहीमुळे मला झोप लागू लागली. मुलाला आजाराचे खरे नाव आणि पुढे किती केमो आहेत, हे आपणच सांगा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांची मी आभारी आहे. काल रात्री यांना बटणांबद्दल विचारले. प्रथम म्हणाले, ‘तू आहेस ना लावून द्यायला.’ मी हसले आणि पुन्हा विचारले. मग कळले की तीन आठवड्यांपासून वरचे बटण लागत नाही, म्हणून ते टी-शर्ट घालत होते, आणि आम्हाला वाटत होते की घरात ऐसपैस वाटावे म्हणून घालतात. आज रुग्णालयात कळवले. आठव्या केमोआधी डॉक्टर हात-पाय तपासणार आहेत. तापाची वही मुलाने घेतली आहे. पहिल्याच पानावर त्याने तारीख, वेळ, तापमान आणि ‘बाबांचा आजचा विनोद’ असे चार रकाने आखले आहेत, आणि चौथ्या रकान्यात तो गुण देणार आहे. काल दहापैकी तीन दिले, त्यावर यांनी फेरतपासणीचा अर्ज केला आहे.