मदत हवी आहे: नंबर प्लेटवरच्या ‘कॅमेरा चुकवणाऱ्या’ फिल्मबद्दल

मंडळी, आरटीओ किंवा वकिलीतलं कुणी असेल तर जरा सांगा. मेहुण्याने गाडीच्या हायसिक्युरिटी प्लेटवर ऑनलाइन मागवलेली पारदर्शक फिल्म चिकटवलीय. समोरून नंबर स्वच्छ दिसतो, जरा तिरकं पाहिलं की शेवटचे दोन आकडे काळे पडतात. “दाजी, आता एक्स्प्रेसवेवर चलन नाही!” म्हणे. घाटात ब्रेक दाबायला काय जातं, देव जाणे.

वेगमर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये दंड, एवढं माहीत आहे. पण नंबर मुद्दाम झाकला तर नुसता प्लेटचा दंड होतो, की फसवणुकीचा गुन्हाही लागतो? गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणजे नोटीस त्यांनाच येणार ना? त्यांना अजून काहीच माहीत नाही.

गूगल मॅप्स कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देतं, त्यात मला वावगं वाटत नाही. निदान वेग तरी कमी होतो. कायद्याने ते चालतं का?

आणि फिल्म काढायची कशी? कोपरा नखाने उचलून पाहिला, तर होलोग्राम सोबत निघेल असं वाटलं. तो खराब झाला तर प्लेट नवीन घ्यावी लागेल का?