"मी राष्ट्रपती झाले तर": टाळ्या वाजवायच्या आधी त्या पदाला काय करता येतं ते तरी बघा

मिरजकर_सर
परवा आमच्या ग्रुपवर ऋता नावाच्या कॉलेजातल्या मुलीची पोस्ट आली, "मी राष्ट्रपती झाले तर पहिले शंभर दिवस". सरसकट कर्जमाफी, पेपर फोडणाऱ्यांना जन्मठेप, गुन्हे असलेले खासदार घरी, फाशीच्या कैद्यांचे दयेचे अर्ज 3 महिन्यांत निकाली, आणि दर महिन्याला एका आदिवासी पाड्यावर मुक्काम. खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. मला राग मुलीचा नाही आला, ती लहान आहे. टाळ्या वाजवणारे चाळीस-पन्नाशीचे आहेत, त्यांचा आला.

"जनतेने मला कौल दिला" असं लिहिलंय. कुठल्या जनतेने? राष्ट्रपतीला मत देतात निवडून आलेले खासदार आणि आमदार. आपल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175, तेही 1971 च्या जनगणनेवरून काढलेलं. वयाची अट 35. आणि निवडून आल्यावर कलम 74, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचं. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने एवढंच दिलं की सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो, पुन्हा तोच आला की मानावाच लागतो. खासदार अपात्र ठरवायची सही राष्ट्रपतीची असते खरी, पण निवडणूक आयोग म्हणेल तशी. कर्जमाफीचा तर संबंधच नाही. शाळेत नागरिकशास्त्र परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचं, त्याचा हा परिणाम. तीस वर्षं शिकवलंय, मला माहितीये.

रानवारा
सर, आदर ठेवून बोलतो, पण "काही करता येत नाही" हे पण अर्धंच शिकवणं झालं. 1997 ला उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस राष्ट्रपती नारायणन यांनी परत पाठवली आणि केंद्राला ती गुंडाळावी लागली. पुढच्या वर्षी बिहारची पण परत केली. झैलसिंगांनी राष्ट्रपती असताना टपालाचं विधेयक सही न करता नुसतं ठेवून दिलं, लोकांची पत्रं उघडायचा अधिकार सरकारला मिळणार होता त्यात. विधेयकावर सही करायला कलम 111 मध्ये मुदतच नाही ना.

आणि पाड्यावरच्या मुक्कामाला हसू नका. मी धडगाव तालुक्यात आश्रमशाळेत होतो. एकदा एक मोठे साहेब येणार असं ठरलं, तर आठ दिवसांत नाल्यावर पाइप पडले, मुरूम पडला, शाळेच्या टाकीला नवीन नळ लागले. साहेब आलेच नाहीत, पण पाइप राहिले, आणि त्या पावसाळ्यात पोरं पहिल्यांदा बूट हातात न धरता शाळेत आली. 2022 ला मुर्मू यांचं नाव जाहीर झालं तेव्हा त्यांच्या गावाच्या एका वस्तीत वीज न्यायची पळापळ झालीच की. नुसतं नाव जाहीर झालं तर हे. पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रांचा अहवाल राज्यपालांनी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. तो मागवून, वाचून, त्या गावात जाऊन बसणारा राष्ट्रपती मला हवाय.

खडूस_ठाणेकर
नारायणन यांचं नाव सगळे घेतात. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणीच्या कागदावर सही करणारे पण राष्ट्रपतीच होते. आणि कलाम? 2005 ला बिहार विधानसभा बरखास्तीच्या कागदावर मॉस्कोतून सही केली, पुढे सुप्रीम कोर्टाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. इतका चांगला माणूस, त्याला पण नाही थांबवता आलं.

रानवारा
त्याच कलामांनी 2006 ला लाभाच्या पदाचं विधेयक, म्हणजे सरकारी लाभाचं पद घेऊनही खासदारकी टिकावी असं, परत पाठवलं, ते पण लिहा.

खडूस_ठाणेकर
आणि संसदेने तसंच्या तसं परत पाठवल्यावर सही केली, ते तुम्ही लिहा.

कोल्हापूरची_सुमन
तुमचं कलम 74, 111 चालू दे. त्या मुलीच्या यादीतला दयेच्या अर्जाचा मुद्दा कुणी वाचला का? मला तोच एक खरा वाटला.

1996 ला मी तिसरीत होते. पोरं पळवून मारणाऱ्या बायका सापडल्या तेव्हा आमच्या आईने शाळेचा रस्ता बदलला. स्टँडवर गेलो की माझं मनगट एवढं घट्ट धरायची की बांगडीचा वण उठायचा. गल्लीतल्या सगळ्या आया तशाच झाल्या होत्या. 2001 ला फाशीची शिक्षा, 2006 ला सुप्रीम कोर्टात कायम, मग दयेचा अर्ज. राष्ट्रपतींनी फेटाळला कधी तर 2014 ला. आणि 2022 ला हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली, कारण काय तर अर्जावर निर्णयाला उशीर! ज्यांची पोरं गेली त्यांनी काय करायचं? कुणी सांगा मला.

अॅडव्होकेट_वऱ्हाडी
ताई, राग समजतो. पण त्या निकालात हायकोर्टाने मुख्य ठपका राज्य सरकारवर ठेवलाय, राष्ट्रपतींवर नाही. पुण्याची 2007 ची बीपीओतल्या (कॉल सेंटरसारखी कंपनी) मुलीच्या खुनाची केस घ्या. राष्ट्रपतींनी अर्ज 2017 ला फेटाळला, पण फाशीचं वॉरंट निघालं 2019 ला, म्हणून जन्मठेप झाली. दिल्लीत निर्णय झाला होता, अडलं ते इथं. आणि उशिरामुळे फाशी रद्द होते यात चूक काही नाही, 2014 ला सुप्रीम कोर्टाने एकदम 15 जणांची रद्द केली, त्यातल्या बहुतेकांची याच तत्त्वावर. रोज पहाटे दाराशी बूट वाजले की आज आपल्यालाच नेणार असं वर्षानुवर्षं वाटत राहणं ही वेगळी शिक्षा आहे.

कोल्हापूरची_सुमन
बूट वाजल्याची दया येते तुम्हाला, आणि त्या लेकरांची? तुमच्या घरातलं असतं तर असं लिहिलं असतं?

अॅडव्होकेट_वऱ्हाडी
माझ्या घरावर येऊ नका. माझ्या सख्ख्या मावसभावाचा खून झालाय, आरोपी निर्दोष सुटले, मी त्या कोर्टात बसलो होतो. तरी मी हेच म्हणतो.

कोल्हापूरची_सुमन
ते ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण माझं मत बदलत नाही.

खडूस_ठाणेकर
प्रतिभाताईंच्या काळात एका कैद्याची फाशी माफ झाली 2012 ला, आणि तो तुरुंगात वारला होता 2007 लाच. मेलेल्या माणसाला माफी. फाइल एवढ्या टेबलांवरून फिरली आणि तो जिवंत आहे का हे एकानेही विचारलं नाही. मुलीची बाकीची यादी मला पटत नाही, पण हे 3 महिन्यांचं लिहिलंय ते मान्य करावंच लागतं.

ऋता
ती पोस्ट माझी आहे, मैत्रिणीने इथली लिंक पाठवली. सर, 35 ची अट मला माहीत होती, मी सोळा वर्षांनंतरचंच लिहीत होते. कर्जमाफी राष्ट्रपती देत नाही हे कबूल, पण कलम 78 खाली राष्ट्रपती पंतप्रधानांकडून माहिती मागवू शकतात ना? आमच्या येवल्यात माझ्या वडिलांनी कांदा भरलेला ट्रॅक्टर बाजार समितीतून परत आणलाय, भाव ऐकून. निर्यातबंदी एका रात्रीत का लागते, कुणाला विचारून लागते, हे मला त्या खुर्चीतून लेखी विचारायचंय. उत्तर काय येईल ते येवो. तो मुद्दा मी काढणार नाही.

मिरजकर_सर
बाळ, कलम 78 तू वाचलंयस हे बघून बरं वाटलं. विचारता येतं, तेवढं मान्य. पण "कर्जमाफी देईन" आणि "सरकारला विचारेन" यात फरक आहे, आणि टाळ्या पहिल्याला पडल्या. पोस्टमध्ये "विचारेन" लिही.

ऋता
"विचारेन" लिहिते. दयेच्या अर्जाचं मात्र तसंच ठेवते, 3 महिने.

अॅडव्होकेट_वऱ्हाडी
ऋता, मग अजून एक बघ. 1 जुलै 2024 पासून जी नवीन नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले चालवायचा कायदा, आली त्यात कलम 472 आहे. राज्याचं मत आलं की 60 दिवसांत केंद्राने राष्ट्रपतींना शिफारस करायची. पण राज्याने मत किती दिवसांत द्यायचं, ते त्या कलमात नाही. राष्ट्रपतींनी किती दिवसांत ठरवायचं, ते पण नाही. तू स्वतःला 3 महिन्यांत बांधून घेशील, पण फाइल तुझ्यापर्यंत यायला तर पाहिजे.

कोल्हापूरची_सुमन
म्हणजे आमच्या केसमध्ये जिथं अडलं तिथंच अजून मुदत नाही?

अॅडव्होकेट_वऱ्हाडी
नाही.