डिटा: कॉनरेफ किती बारीक तुकड्याचा करावा?

अर्धविराम
चार पंपांची मॅन्युअल्स माझ्याकडे आहेत. बराचसा मजकूर सारखा, म्हणून वर्डमधून डिटात (मजकूर सुट्या तुकड्यांत लिहून पुन्हा वापरायची एक्सएमएल पद्धत) आणताना मी हात सैल सोडला. प्रत्येक इशारा, प्रत्येक पायरी कॉनरेफ, म्हणजे एकाच जागी लिहून बाकीकडे तिथूनच उचललेली, आणि सुट्या भागांची नावंसुद्धा की लावून, म्हणजे वाक्यात नावाच्या जागी फक्त खूण. काल एका हलवता येणाऱ्या मॉडेलसाठी ‘वीजपुरवठा बंद करा’ बदलून ‘स्विच बंद करून प्लग काढा’ केलं. बाकीच्या तिघांना प्लगच नाही, थेट वायरिंग आहे. तिथेही ‘प्लग काढा’ उमटलं! तपासणाऱ्याच्या नजरेला पडलं म्हणून वाचले. थांबायचं कुठे?

जुना_टॉपिक
आधी सांगा, ते कॉनरेफ कुठून घेतले? पहिल्या पंपाच्या मॅन्युअलमधून?

अर्धविराम
हो. तेच आधी तयार होतं ना.

जुना_टॉपिक
तिथेच मेख आहे. त्या टॉपिकवर (मॅन्युअलमधल्या एका विषयाच्या फाइलवर) काम करणाऱ्याला पत्ताच नसतो की अजून तिघं आपल्या जिवावर जगताहेत. सामायिक मजकुराची वेगळी फाइल करा. आम्ही तिला गोदाम म्हणतो. मॅपमध्ये, म्हणजे मॅन्युअलमधल्या फाइलींच्या यादीत, ती ‘रिसोर्स-ओन्ली’ ठेवा, म्हणजे स्वतः छापली जात नाही. आणि फाइलचा पत्ता देण्याऐवजी कॉनकीरेफ वापरा, म्हणजे मॅपमध्ये त्या फाइलला दिलेली की. डिटाच्या २०१० च्या १.२ आवृत्तीपासून ती सोय आहे. फाइल हलवली तरी मॅपमधली एक ओळ बदलून भागतं.

तुमची ती दोन वाक्यं मुळात एक नव्हतीच, फक्त सारखी दिसत होती. उद्या हे बदललं तर सगळीकडे बदलायला हवं का? उत्तर ‘सांगता येत नाही’ असेल तर सरळ दोनदा लिहा. कॉपी-पेस्ट म्हणजे पाप नव्हे.

षष्ठी_विभक्ती
मी भाषांतर करते, त्यामुळे सुट्या भागांच्या नावांबद्दल बोलणारच. कृपा करून की काढा. ‘जुना अमुक काढा’ या साच्यात पंखा बसतो. मोटार आली की ‘जुनी’ हवं, झाकण आलं की ‘जुने’. शिवाय सामान्यरूप कोण करणार? आमच्याकडे ‘पंखाला तेल द्या’ छापून गेलंय. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण दिसतच नाही. कमीत कमी अख्खं वाक्य उचला.

मॉडेलचं नाव चालेल, पण ‘अमुक या पंपाचा’ असं लिहा. प्रत्यय ‘पंप’ला लागतो, नाव जसंच्या तसं राहतं.

जुना_टॉपिक
ही युक्ती मलाही नवीन! एक राहिलं. गोदामातल्या तुकड्याचा आयडी (ज्यावरून तो उचलला जातो ती खूण) कुणी बदलला तर डिटा ओपन टूलकिटची (डिटातून मॅन्युअल तयार करणारं साधन) बिल्ड बहुतेक वेळा पूर्ण होते, पायरी मात्र गायब असते. तक्रार फक्त लॉगमध्ये, म्हणजे बिल्डच्या नोंदींत. तो वाचत जा.

अर्धविराम
आज लॉग उघडला. तिसऱ्या पंपात एक इशारा गायबच होता, त्याचा आयडी मीच बदलला होता. तो जोडला. गोदाम केलंय, ‘प्लग काढा’ला वेगळा आयडी दिलाय. भागांच्या नावांच्या की काढायला उद्याचा दिवस जाईल.