दारू सुटून दोन महिने झाले, पण मन वर येईना. अजून किती वाट बघायची?

द्राक्षवाट, तासगाव
आमच्या व्यसनमुक्ती गटात एक बागायतदार येतात. वय 44. शेवटची काही वर्षं रोज तीन क्वार्टर, म्हणजे 540 मिली. सोडून आज 8 आठवडे झाले, मधे थेंबही नाही. थरथर, घाम, उलट्या हे सगळं पहिल्या आठवड्यात दवाखान्यात निभावलं. लिव्हरचे रिपोर्टही सुधारलेत. पण द्राक्षाची काडी विरळायला आली तरी माणूस बागेत पाऊल टाकत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. जेवणावर वासना नाही, पोराच्या बारावीच्या निकालाचंही काही वाटलं नाही. घरचे आता म्हणायला लागलेत, "पीत होता तेव्हा निदान बोलत तरी होता." हा दारू सोडल्याचाच त्रास, की वेगळं डिप्रेशन? सध्या घरच्यांनी अशक्तपणाचं टॉनिक आणि मेडिकलमधून झोपेची गोळी आणून दिली आहे.

मिरजेची सिस्टर
दादा, वाट बघायची मुदत संपली. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या 'गाबा'ला जोर देते आणि चेतवणाऱ्या 'ग्लुटामेट'ला दाबते. वर्षानुवर्षं रोज प्यायल्यावर मेंदू तोल सांभाळायला उलट्या बाजूनं रेटा लावतो. दारू थांबते, रेटा तसाच राहतो. म्हणून झटक्यांची भीती पहिल्या 48 तासांत असते, आणि भ्रम, असंबद्ध बडबड बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दिसते. हे लवकर निवळतं. आनंद वाटण्याची जी यंत्रणा दारूनं इतकी वर्षं ओरबाडली, ती मात्र सावकाश भरते. पहिले दोन ते चार आठवडे उदास वाटणं म्हणूनच अपेक्षित असतं आणि बहुतेकांचं ते गोळीशिवाय ओसरतं. झोप कच्ची राहणं, चिडचिड हे काही महिने रेंगाळू शकतं. पण शेवटच्या घोटापासून चार आठवडे उलटूनही कशात मन नाही, भूक नाही, पहाटेची जाग, काम ठप्प, एवढं सगळं एकत्र असेल तर ते स्वतंत्र डिप्रेशन धरून उपचार करायचे. दारू लागण्याआधी किंवा मागे कधी काही महिने सोडली होती तेव्हा असंच झालं होतं का, घरात कुणाला हा आजार आहे का, हे विचारून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.

गोळीआधी हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी-12, साखर आणि लिव्हरची तपासणी करून घ्या. थायरॉइड मंदावलं किंवा बी-12 घटलं तरी माणूस असाच विझल्यासारखा दिसतो. बी-1, म्हणजे थायमिन, चालू आहे का तेही बघा. एक इशारा सगळ्यांसाठी: पिणाऱ्याला किंवा नुकती सोडलेल्याला अशक्तपणा म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका, थायमिनचं इंजेक्शन आधी. गोंधळल्यासारखं बोलणं, एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामसारखी डिप्रेशनची गोळी सुरू झाली तर पहिला आठवडा मळमळ, पोट सैल, थोडी बेचैनी होते आणि गुण काहीच दिसत नाही. इथंच बरेच जण दहाव्या दिवशी पाकीट फेकतात. फरक दोन ते चार आठवड्यांनी जाणवतो, पुरता सहाच्या आसपास. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची.

आणि "पीत होता तेव्हा बोलत होता" हे वाक्य त्यांच्यासमोर कुणी म्हणू नये. एका पेगनं दोन-तीन तास जीभ सुटेल, दुसऱ्या सकाळी मन होतं त्याच्याही खाली गेलेलं असेल.

औषधवाला, विटा
टॉनिकच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट अशा आसव-अरिष्टांत आंबवताना तयार झालेला अल्कोहोल 12 टक्क्यांपर्यंत असू शकतो. जेवणानंतर दोन चमचे म्हणजे तलफ जागी करणं. डायसल्फिराम, म्हणजे लोक 'दारू सोडायची गोळी' म्हणतात ती, चालू असेल तर यानंच अंग लाल होऊन छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं होऊ शकतं. ती गोळी भाजीत लपवून तर कधीच देऊ नका, जिवावर बेतते. मूडही ती काहींचा बिघडवते. तलफेसाठी नाल्ट्रेक्सोन 50 मिग्रॅ किंवा अकॅम्प्रोसेट यांचं डॉक्टरांशी बोला. कंबरदुखीसाठी ट्रामाडोल चालू असेल तर नाल्ट्रेक्सोन चालत नाही, हे आठवणीनं सांगा.

झोपेची गोळी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असेल, तर ती त्याच 'गाबा'वर काम करते. एक सवय सोडून तिचीच बहीण घरात आणल्यासारखं आहे. रोज तीन-चार आठवडे झाले असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्या.

कृष्णाकाठ, वाई
उपचार लागेपर्यंत दिवस बांधा. "बागेत जा" हे फार मोठं काम झालं. "सकाळी सातला दोन ओळी बघून या, 15 मिनिटं" हे जमतं. इच्छा होईल तेव्हा करू असं ठेवलं की होत नाही, कारण या आजारात इच्छा कामाच्या मागून येते. वहीत कामाच्या आधी आणि नंतर मनाला 0 ते 10 आकडा द्यायचा. पुढच्या आठवड्यात ज्या कामानं आकडा एकानं तरी वर गेला ते वाढवायचं. रात्री कितीही कमी झोप झाली तरी उठायची वेळ एकच, दुपारी अर्ध्या तासावर झोप नाही, तीननंतर चहा नाही. संध्याकाळी साडेपाचला भाकरी किंवा शेंगदाणे-गूळ पोटात गेलाच पाहिजे. पोट रिकामं असलं की सहाची तलफ दुप्पट वाटते.

द्राक्षवाट, तासगाव
टॉनिक आजच बाजूला ठेवलं. गटात पीएचक्यू-9 ही डिप्रेशन मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली, 27 पैकी 17 आले. मरणाच्या विचाराच्या नवव्या प्रश्नावर 1 आहे. आता?

मिरजेची सिस्टर
नवव्याला शून्य नसेल तर बेरीज बाजूला ठेवा. आजच एकटं गाठून सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, कधी, ठरवलंय का?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ठरवलंय किंवा सामान गोळा केलंय असं कळलं तर क्षणभरही एकटं सोडू नका, आजच दवाखाना.

उत्तर काहीही असो, फवारणीची सगळी औषधं आजच शेडमधून हलवा. कुलूप घालून किल्ली घरात ठेवणं पुरेसं नाही. भावकीत किंवा शेजारच्या बागायतदाराकडे ठेवा, फवारणीच्या दिवशी दुसऱ्यानं तेवढंच आणायचं. ही लाट अनेकदा थोड्या वेळात ओसरते, आणि तेवढ्या वेळात बाटली हाताशी नसणं हाच फरक पडतो. गोळ्यांचं पाकीटही वहिनींकडे, रोजची रोज द्यायची.

रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. विष पोटात गेल्याचा संशय असेल तर उलटी करवत बसू नका, 108 बोलवा आणि औषधाचा डबा सोबत न्या.

मिरज-सांगलीच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जाताना पहिल्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, झोपेच्या गोळीचं पाकीट, टॉनिकची बाटली आणि ती भरलेली प्रश्नावली घ्या. शेवटचा घोट कोणत्या तारखेला घेतला ते कागदावर लिहून न्या. वहिनींना बरोबर घ्या, पण डॉक्टरांना पहिली दहा मिनिटं पेशंटशी एकट्यानं बोलू द्या.