नव्या प्लास्टरवर रंग कधी लावायचा? महालक्ष्म्या तोंडावर आल्यात

रामबागकर: इंदूरला आमचं जुनं घर आहे. समोरच्या खोलीचं प्लास्टर फुगलं होतं, ते काढून नवीन करून घेतलं. ठेकेदार म्हणतो, उद्यापासून पुट्टी करू. पेंटर म्हणतो, महिनाभर हात लावणार नाही. महालक्ष्म्या याच खोलीत बसतात आणि सोळा दिवस राहिलेत. कोणाचं ऐकू? लवकर सांगा, पेंटरला सकाळी कळवायचंय.

सिव्हिलवाला: प्लास्टर सिमेंटचं की जिप्समचं? होऊन किती दिवस झाले? तराई किती दिवस केली, म्हणजे पाणी किती दिवस मारलं? भिंत आतली की बाहेरची? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

माळव्याची_लेक: महालक्ष्म्यांच्या खोलीला हळदी पिवळा घ्या, बाई. आम्ही फिका गुलाबी घेतला आणि फोटोत सगळं पांढरंफटक आलं.

रामबागकर: रंग ठरलाय हो. सिमेंटचं आहे, बारा दिवस झाले, तराई सात दिवस.

पुट्टीवाला: मग अडचण काय? व्हाइट सिमेंटची पुट्टी ओलसर भिंतीवरच धरते. कोरडी असली तर आम्हीच पाणी मारून लावतो. दोन हात पुट्टी, घासाई, प्रायमर, रंग. आठ दिवसांत खोली तयार.

सिव्हिलवाला: लावण्यापुरती वरून ओल देणं वेगळं आणि अख्खं प्लास्टर आतून ओलं असणं वेगळं. नव्या सिमेंटमध्ये क्षार भरपूर असतात. पाणी बाहेर येताना त्यांना घेऊन येतं आणि पुट्टीचे पापुद्रे सुटतात. उन्हाळ्यातही अठ्ठावीस दिवस थांबतात, हा तर पावसाळा.

बडोदेकर: ऑइल पेंट मारा. आमच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं टिकलाय, फडक्यानं पुसता येतो.

सिव्हिलवाला: ओल्या सिमेंटवर तर अजिबात नको. क्षार तेलाचा साबण करतात, रंग चिकट होऊन सुटतो. तुमची भिंत तेव्हा वाळलेली असणार.

चुन्याची_भिंत: जुन्या घराला चुनाच द्या. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते आणि सिमेंटच्या क्षारांनी त्याचं काही बिघडत नाही. आमच्या वाड्यात दर दिवाळीआधी चुना होतो. गुळाचं पाणी घातलं की हाताला लागत नाही.

पुट्टीवाला: आणि पुढे रंग द्यायचा झाला की तो सगळा चुना खरवडायचा कोणी? त्यावर पुट्टी धरत नाही.

चुन्याची_भिंत: मग रंग द्यायचाच कशाला?

सिव्हिलवाला: रामबागकर, मूळचं प्लास्टर फुगलं का होतं? आणि नव्या मालाला पाणी कुठलं वापरलं?

रामबागकर: बोअरिंगचं. नर्मदेचं दिवसाआड येतं, ते पिण्यालाच पुरत नाही. फुगलेली एकच भिंत होती, तिच्यामागे न्हाणीघर आहे. बाकी तीन भिंती जुन्याच आहेत, त्यांचा फक्त रंग गेलाय.

सिव्हिलवाला: हे आधी सांगायचं ना! आधी न्हाणीघराचा नळ आणि फरशीच्या सांधी तपासा. तिकडून पाणी मुरत असेल तर वर्षभर थांबलात तरी भिंत वाळणार नाही. आज रात्री हातभर लांबी-रुंदीचं प्लॅस्टिक चारी कडांनी टेप लावून भिंतीला चिकटवा. उद्या रात्री भिंतीच्या बाजूनं थेंब दिसले तर ओल आतली आहे. आणि पेंटरला कळवा की बाकीच्या तीन भिंती घे.

रामबागकर (दुसऱ्या दिवशी): प्लॅस्टिक काढलं. आतल्या बाजूला बारीक थेंब होते आणि त्याखालचं प्लास्टर काळपट पडलंय. खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पांढरी पूडही दिसतेय. बोटाला लागते. हा लोणाच ना? पाण्यानं पुसू का?

सिव्हिलवाला: लोणाच. पाणी नको, विरघळून परत आत जाईल. कोरड्या ब्रशनं झाडा. पुन्हा आला की पुन्हा झाडा. यायचा थांबला आणि प्लॅस्टिक कोरडं निघालं की क्षार सोसणारं प्रायमर लावून रंग घ्या. दिवाळीपर्यंत जमलं तरी छान.

माळव्याची_लेक: तोवर त्या भिंतीपुढे महेश्वरी साडी लावा. दोन्ही बाजूंच्या भिंतींना खिळा मारून दोरी बांधा, म्हणजे साडी भिंतीला टेकणार नाही आणि मागून हवा खेळेल. आमच्या सासूबाईंनी एका वर्षी असंच केलं होतं.

रामबागकर: आईची जांभळी महेश्वरी आहे, तीच लावतो. पेंटर उद्यापासून तीन भिंती घेतोय. न्हाणीघराचा नळ खोलून पाहिला, पाइपाचा कोपर आतून गळत होता. प्लंबर दुपारी येतोय.