मदत हवी आहे: बर्फ वितळला, ड्राइव्हवेचे पापुद्रे निघताहेत

अमेरिकेतल्या मिनियापोलिस परिसरात राहणाऱ्या मंडळींनो, आमच्या ड्राइव्हवेबद्दल (गॅरेजपर्यंतच्या काँक्रीटच्या वाटेबद्दल) जरा सल्ला द्या. गॅरेजच्या तोंडाशी, जिथे गाडीखालचं खारट पाणी ठिबकतं, तिथे काँक्रीटचा वरचा थर सुटून आतली खडी दिसायला लागली आहे. कारण ठाऊक आहे: मुरलेलं पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यात रस्त्यावरच्या मिठाची भर. हातोडीने ठोकून पाहिलं, पोकळ आवाज एका कोपऱ्यातच येतो, म्हणजे खालून सुटलेला भाग तेवढाच.

कंत्राटदार म्हणतो, सगळं उखडा. मला ते अति वाटतं. नाशिकहून बाबांचा आग्रह, ‘सिमेंटचा घोळ फिरव, झालं!’ इथल्या थंडीत तो पातळ थर कसला टिकतोय!

पॉलिमरवाला रिसरफेसर (जुन्या काँक्रीटवर पसरायचं, पॉलिमर मिसळलेलं सिमेंटचं मिश्रण) कोणी स्वतः लावलाय का? पुढच्या हिवाळ्यात त्याने तग धरला का? रात्री अजून पारा शून्याखाली जातो, म्हणजे मे महिन्यापर्यंत थांबावं ना? त्यावर सिलेन-सिलॉक्सेन सीलर (काँक्रीटमध्ये मुरून पाणी अडवणारं द्रावण) किती दिवसांनी मारायचा? चकचकीत थराचा सीलर नकोच, आई त्यावरून घसरेल. आणि मिठाऐवजी नुसती वाळू टाकून कोणाचं भागतं का?